एक्केचाळीस चेहरे

३ फेब्रुवारी, सोमवार

निवृत्तीच्या दिवशी खात्याने दिलेली ही डायरी दोन महिने कोरीच होती. पस्तीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढले. दिवसाअखेर किती काम झालं ते लिहून ठेवायची हाताला सवय आहे, पण घरी बसल्यावर लिहिणार काय? सकाळी सवयीने दोन कप चहा केला आणि एक ओतून दिला, हे?

आजपासून काम आहे. सासऱ्यांच्या स्टुडिओची जागा शनिवारी रिकामी करून दिली. अण्णा नोव्हेंबरात पडले, उजवं अंग लुळं झालं, वाचा गेली. ही तेव्हा आठ दिवसांसाठी म्हणून गेली ती अजून तिथेच आहे. साहजिक आहे, त्यांना दुसरं आहे कोण? दुकानाचा मालक जागा मागत होता आणि अण्णांच्या दोन खोल्यांत खोकी मावणार नव्हती. म्हणून मी चौदा खोकी टेम्पोत घालून इकडे आणली, चार तास त्यांना धरून बसलो. सगळ्यांत निगेटिव्ह आहेत. रिळाच्या नव्हेत. तीन पायांच्या घोडीवरच्या मोठ्या कॅमेऱ्याच्या, एकेक सुटी, पोस्टकार्डाएवढी.

"नुसत्या नीट ठेवा, कोरड्या जागी," एवढंच ही म्हणाली होती. पण नुसतं ठेवून काय उपयोग? झेरॉक्सवाल्याकडे जुना स्कॅनर पडून होता, काचेवर कागद पालथा घालून झाकण लावतात तसला. त्याच्या झाकणातही दिवा आहे, तो फिल्ममधून आरपार उजेड टाकतो. तो आणला. सगळ्या स्कॅन करून अण्णांना पडद्यावर दाखवायच्या.

मोजल्या. पाचशे साठ भरल्या. रोज चौदा केल्या तर चाळीस दिवस. ही येईपर्यंत काम हातावेगळं होईल.

४ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळपासून सहा वेळा स्कॅन केलं, सहाही वेळा पडदा काळाकुट्ट. शेवटी लेकीला फोन लावला. ती ऑफिसात होती.

"बाबा, झाकणाच्या आतली पांढरी गादी काढलीत का?"

"ती काढायची असते?"

"दिव्यावर पांघरूण घालून उजेड शोधताय तुम्ही."

काखेत कळसा म्हणतात तो हा. गादी काढली. बारा मिनिटं झाकणातला दिवा सरकत राहिला आणि मग पडद्यावर एक गृहस्थ आले. टक्कल, भरघोस मिशा, बंद गळ्याचा कोट. चित्र मोठं करत गेलो तर संपेचना. कोटाचं तिसरं बटण बाकीच्यांहून वेगळं आहे, घाईत दुसरंच शिवलेलं. छापलेल्या फोटोत हे कुणालाही दिसलं नसणार.

बटणाचं सांगायला मागे वळलो. मागे कपाट होतं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

कामाला लय आली आहे. फिल्मला एक चकचकीत बाजू असते, एक मंद. काचेला टेकली की पाण्यावर रॉकेल सांडल्यासारखी रंगीत वर्तुळं उमटतात, म्हणून ती काचेपासून जरा वर राहायला हवी. मी जाड पुठ्ठ्याची चौकट कापली, अडीच मिलिमीटर उंचीची. कोपरे असे काटकोनात बसले की साहेबांनी पाठ थोपटली असती. सुती हातमोजे, मऊ ब्रश, हवा मारायचा रबरी फुगा. प्रत्येक निगेटिव्हला क्रमांक आणि वहीत नोंद.

मिशावाल्यांचा फोटो हिला पाठवला. खाली बटणाविषयी चार ओळी लिहिल्या.

उत्तर आलं: "मिळाला."

अण्णांचं करण्यात तिला वेळ कुठे मिळतो.

१० फेब्रुवारी, सोमवार

एक अडचण आली होती, ती सोडवली. काही चेहऱ्यांवर स्कॅनमध्ये बारीक पांढऱ्या अळ्या दिसतात. कपाळावर, डोळ्यांखाली, ओठांच्या कडेला. निगेटिव्ह उजेडासमोर धरली की तिथे करडा मळ दिसतो. इतक्या वर्षांची धूळ चिकटून बसली असणार. ब्रशने जाईना. कापसाच्या बोळ्यावर थोडं स्पिरिट घेऊन हलक्या हाताने पुसलं, तर साफ. परत स्कॅन केलं आणि चेहऱ्यावरची एकेक सुरकुती, पुटकुळीचा एकेक डाग स्पष्ट आला.

आज अशा अकरा पुसल्या. वहीत समोर 'साफ' असा शेरा मारतोय. हिला कळेल तेव्हा बरं वाटेल.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

हिचा मोठा मेसेज आला. तसाच्या तसा उतरवून ठेवतो.

"काल अण्णांना तुमचे फोटो दाखवले. शाळेच्या हेडमास्तरांचा आला तेव्हा डाव्या हाताने पडदा थोपटत होते. आणखी पाठवा. मोठे करून पाठवा, त्यांना चष्म्यानेही कमी दिसतं."

चार वेळा वाचला. 'तुमचे फोटो' असं लिहिलं आहे. फोटो अण्णांचेच, पण तसं लिहिलं आहे खरं.

आज चौदाऐवजी वीस केल्या.

१६ फेब्रुवारी, रविवार

लेकीचा फोन आला. "आई कधी येणार म्हणते?"

"अण्णा बरे झाले की."

"असं ती म्हणाली?"

"त्यात म्हणायचं काय?"

तिने विषय बदलला. मग जेवलात का, काय जेवलात, हे विचारलं. उकडलेली अंडी सांगितली. रोज तेच सांगतो, कारण रोज तेच असतं.

ही नसताना घर खायला उठतं असं लोक म्हणतात. तसं काही होत नाही. फक्त प्रत्येक गोष्ट जिथे ठेवली तिथेच सापडते. कुणी ती हलवलेली नसते.

१९ फेब्रुवारी, बुधवार

सहाव्या खोक्यात तळाशी एक पत्र्याचा डबा निघाला. आत एकवीस तपकिरी पाकिटं, त्यांवर एक ते एकवीस आकडे, दुसरं काही नाही. पहिलं उघडून स्कॅनरवर ठेवलं. उंच स्टुलावर दोन-तीन वर्षांची मुलगी, एका हाताने स्टूल घट्ट धरलेलं. तिच्या भुवया बघितल्या आणि माझ्या लक्षात आलं, ही तर आमची ही.

दरवर्षी एक, असे हिचे फोटो. अण्णांनी कधी बोलून दाखवलं नाही.

विसावं लगेच स्कॅन केलं. त्यात ती बावीस वर्षांची असेल. जोरात हसते आहे आणि हसताना मान हलली म्हणून चेहऱ्याची एक कड पुसट झाली आहे. तो हिला पाठवला.

पाच मिनिटांत उत्तर: "उलटा आहे."

मी लिहिलं, नीट सरळ आहे, डोकं वरच आहे.

"डावं-उजवं उलटं आहे. तीळ बघा."

उजव्या भुवईच्या टोकाशी तीळ आहे. उठून भिंतीवरचा आमचा लग्नातला फोटो बघितला. त्यात डाव्या भुवईशी. म्हणजे मी फिल्म पालथी ठेवली होती आणि आरशातली ही बघत होतो.

सत्तावीस वर्षं या बाईच्या समोर बसून जेवलो. तीळ आहे हे माहीत होतं. कुठल्या बाजूला, असं कुणी विचारलं असतं तर मी छातीठोकपणे चुकीचं सांगितलं असतं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

दोन दिवस बाकी काम बाजूला ठेवून एकवीसही केले. या डब्यातल्या एकाही चेहऱ्यावर मळ नव्हता, नुसती हवा मारली की झालं.

विसावा पडद्यावरच ठेवला आहे. तो हललेला आहे म्हणून अण्णांनी बाद करायला हवा होता. का ठेवला असेल? इतकं कशावर हसली असेल? मला एकदम त्या कॅमेऱ्यामागे उभ्या असलेल्या माणसाचा हेवा वाटला. तो माणूस म्हणजे अण्णा, आज खुर्चीत बसून आहेत, उजवा हात उचलत नाही, आणि मी त्यांचा हेवा करतोय. या वयाला शोभत नाही, पण झालं ते लिहितो.

माझ्यासमोर ही अशी हसली आहे का, ते आठवून बघितलं. हसली असेलच. माझं लक्ष नसेल.

२४ फेब्रुवारी, सोमवार

आज हातून काय झालं आहे ते कळलं.

दोनशे चाळीस क्रमांक. एका म्हाताऱ्या बाईंचा चेहरा, डोळ्यांखाली तोच करडा मळ. स्पिरिटचा बोळा हातात होता. पण आज सहज भिंग लावून बघितलं, आणि तो मळ नव्हता. त्या रेघा होत्या. केसाहून बारीक, एकमेकींना न शिवणाऱ्या, सुरकुतीच्या वळणाने वळणाऱ्या पेन्सिलीच्या रेघा. जिथे सुरकुती खोल तिथे दाट, जिथे विरते तिथे विरळ. निगेटिव्हवर शिसं चढवलं की छापताना तेवढी जागा उजळ येते आणि सुरकुती मवाळ होते. जुने फोटोवाले हे करत, ऐकून मलाही माहीत होतं. ऐकून माहीत असलेलं वेळेवर आठवत नाही.

रेघ हा माझा धंदा आहे. पस्तीस वर्षांत चांगले हात पुष्कळ पाहिले, पण असा हात एकाही आरेखकाचा नव्हता. अशी रेघ मी जन्मात काढली नाही.

आणि मी ती कापसाने पुसत होतो. वही उघडून 'साफ' शेरे मोजले. एक्केचाळीस.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात, इथे तर कुणी दाखवायलाही सांगितलं नव्हतं.

अण्णांना बोलता येत नाही, त्यांना सांगून दुःख कशाला द्यायचं? हिलाही सांगायची गरज नाही. स्कॅन बघून कुणाला कळणार आहे?

२५ फेब्रुवारी, मंगळवार

चोराच्या मनात चांदणं. काहीतरी चांगलं बोलावं म्हणून हिला लिहिलं: "अण्णांचा पेन्सिलीचा हात बघितला. इतका हलका हात मी खात्यात कुणाचा पाहिला नाही. त्यांना आवर्जून सांग."

उत्तर नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आज दुपारी उत्तर आलं.

"तो हात माझा आहे. चौदाव्या वर्षापासून लग्नापर्यंत सगळं रिटचिंग मीच करायचे. अण्णांना तेव्हाच बारीक रेघ दिसायची नाही."

फोन खाली ठेवला. स्कॅनर चालू होता, तो आपला बारा मिनिटं सरकत राहिला.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

लेकीला विचारलं, तुला माहीत होतं का?

"हो. मी लहान असताना आईने सांगितलं होतं. मधल्या खोलीत तिला काळोखी खोली करायची होती ना?"

"कुठल्या मधल्या खोलीत?"

"बाबा, आपल्या घरात मधल्या खोल्या किती आहेत?"

मग आठवलं. लग्नानंतरच्या पहिल्या की दुसऱ्या वर्षी ही म्हणाली होती, खिडकी बुजवली तर इथे काम करता येईल, अण्णा जुनं सामान देतो म्हणालेत. मी म्हणालो होतो, पुढच्या वर्षी बघू. मला काय वाटलं होतं, कसली तरी हौस आहे, भरतकामासारखी. हिने पुन्हा विषय काढला नाही, म्हणून मला वाटलं हौस फिटली. त्या खोलीत आता कपाट आहे. स्कॅनरही तिथेच आहे, मी रोज तिथेच बसतो.

"तुम्ही तिला ते पुसल्याचं सांगणार आहात ना?" लेकीने विचारलं. तिला मी काल सगळं सांगून बसलो होतो.

"सांगायलाच हवं का?"

"मला विचारू नका," ती म्हणाली.

रविवारी जातो.

२ मार्च, रविवार

परतीच्या बसमध्ये लिहितोय, अक्षर हललं आहे.

पुसलेल्या क्रमांकांची यादी सुवाच्य अक्षरात करून नेली होती. अण्णा खिडकीशी खुर्चीत होते. त्यांच्याकडे आता एकच शब्द उरला आहे, 'बरं'. पण तो ते किती तऱ्हांनी म्हणतात. मी आत आलो तेव्हाचा 'बरं' म्हणजे ये. लॅपटॉप मांडीवर ठेवला तेव्हाचा म्हणजे चल दाखव. एका जोडप्याचा फोटो आला तेव्हाचा ऐकून ही आतून म्हणाली, "ते पैसे बुडवून गेले होते, म्हणून असं म्हणतायत."

ती हात पुसत बाहेर आली. बारीक झाली आहे. केस कापले आहेत, मला सांगितलं नव्हतं. सांगायलाच हवं असंही नाही, पण सांगितलं नव्हतं.

"एक सांगायचंय," मी म्हणालो.

"सांगा."

"मी काही निगेटिव्ह साफ केल्या. स्पिरिटने. मला वाटलं मळ आहे."

ती बसली नाही. "चेहऱ्यावरचं पुसलंत?"

"हो."

"किती?"

"एक्केचाळीस."

मी यादी पुढे केली. तिने ती खिडकीपाशी उजेडात नेली आणि बोट ठेवून वाचू लागली. प्रत्येक क्रमांकापुढे मी चेहऱ्याचं वर्णन लिहिलं होतं.

"बारा. या बाईंच्या गालभर देवीचे व्रण होते. नोकरीच्या अर्जाला फोटो हवा होता. तीन दिवस लागले मला." बोट खाली गेलं. "अठ्ठावीस. हे म्हणाले, आठ्या अर्ध्याच काढ, सगळ्या काढल्यास तर बायको घरात घेणार नाही." ती हे सांगताना हसेल असं वाटलं. हसली नाही. "चौतीस. ही माझी पहिली. हिच्यात मी डोळ्याखाली जास्त भरलं होतं, अण्णांनी खरवडायला लावलं."

अशी ती यादी तिने शेवटपर्यंत वाचली. एकही चेहरा अडला नाही. मी काढलेल्या नकाशांतले एक्केचाळीस मला सांगता येणार नाहीत.

अण्णांनी विचारलं, "बरं?"

ती त्यांच्या कानाशी वाकली. "माझं काम पुसलं यांनी, अण्णा. चुकून."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. काही म्हणाले नाहीत, तेवढा एक शब्दही नाही.

जेवणं झाल्यावर मी म्हणालो, "तुला राग आलाय."

"आज नाही आला. राग कपाट आलं त्या दिवशी येऊन गेला."

कुठलं कपाट, हे निदान मला विचारावं लागलं नाही.

"अण्णा बरे झाले की आपण ती खोली..."

"अण्णा बरे होणार नाहीत. डॉक्टरांनी डिसेंबरातच सांगितलं. मी तुम्हाला सांगितलं होतं, फोनवर."

सांगितलं होतं. मी त्याचा अर्थ वेळ लागेल असा घेतला होता.

"मग तू?"

"इथे कोपऱ्यावरचा फोटोवाला मला जुने फाटके फोटो दुरुस्तीला देतो. दोन महिने करतेय. बरं वाटतं." ती ताटं उचलत होती. "घरी यायचं मी ठरवलेलं नाही. यायचं नाही असंही ठरवलेलं नाही. तुम्ही विचारलं नाहीत, म्हणून मी बोलले नाही."

बस चुकेल म्हणून निघालो. दरवेळी ती बसमध्ये खायला काहीतरी बांधून देते. आज दिलं नाही. आजारपणात माणसाला शीण येतो, राहून गेलं असेल.

६ मार्च, गुरुवार

तीन दिवस स्कॅनर लावला नाही. आज एक पुसलेली निगेटिव्ह घेऊन मी स्वतः रेघा भरायचा प्रयत्न केला. नकाशा काढणाऱ्याला काय अवघड, असं वाटलं. शिसं फिल्मवर नुसतं घसरलं. नकाशातली रेघ दिसावी म्हणून काढायची असते, ही दिसू नये म्हणून. माझ्या हाताला ते माहीतच नाही. स्कॅन केलं तर त्या बिचाऱ्या गृहस्थांच्या डोळ्याखाली जाळ्या लागल्यासारखं दिसलं. पुसून टाकलं. पुसायला तेवढं जमतं.

९ मार्च, रविवार

लेक विचारत होती, आईला फोन केलात का? म्हणालो, काय बोलायचं ते सुचत नाही. ती म्हणाली, "कधी येतेस, हे सोडून काहीही."

दुपारभर बसून एक मेसेज केला. सहा वेळा लिहिला, सहा वेळा खोडला. शेवटी पाठवला तो असा: "पुसलेलं मला परत आणता येत नाही, करून बघितलं. तू सांगशील ते करतो. तुझा विसावा फोटो मी रोज बघतो. तेव्हा कशावर हसली होतीस?"

शेवटचं वाक्य ठेवायला नको होतं असं पाठवल्यावर वाटलं.

११ मार्च, मंगळवार

उत्तर: "पहिली तीन खोकी घेऊन शुक्रवारी या. स्कॅनरही आणा. रविवारी परत जा."

फोटोचं काही नाही. पण कामाचं आहे. शुक्रवारची सकाळची बस काढली.

१६ मार्च, रविवार

तीन दिवस तिथे राहिलो. स्कॅनर अण्णांच्या खोलीत मांडला, म्हणजे त्यांना दिवा सरकताना दिसतो. ही खिडकीशी बसली. तिचं जुनं रिटचिंगचं मेज तिने कॉटखालून काढलं. तिरकी चौकट, मधे दुधी काच, खाली आरसा, तो खिडकीतला उजेड वर फेकतो. फिल्मवर आधी एका बाटलीतलं वॉर्निशासारखं काहीतरी कापडाने चोळते, म्हणजे शिसं धरतं. माझं शिसं घसरलं त्याचं कारण हे होतं.

शुक्रवारी तिने पहिली रेघ काढली आणि थांबली. "टोक नाही बसत. पूर्वी अण्णा करून द्यायचे. सुईसारखं लागतं, बोटाच्या पेराएवढं लांब."

मी म्हणालो, "दे इकडे."

ब्लेडने लाकूड तासलं, शिसं उघडं केलं, पॉलिशपेपर गुडघ्यावर धरून त्यावर पेन्सिल फिरवत टोक काढलं. तिने ते अंगठ्याच्या नखावर टेकवून बघितलं.

"हे कुठे शिकलात?"

"खात्यात पहिली दोन वर्षं मला नकाशाला हात लावू दिला नव्हता. सगळ्या साहेबांच्या पेन्सिली करायचो. दिवसाला साठ."

"मला कधी सांगितलं नाहीत."

"त्यात सांगण्यासारखं काय आहे?"

ती माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली. मग फिल्मवर वाकली. बारा क्रमांक, गालावर व्रण असलेल्या बाई. मी स्कॅन करत होतो आणि टोकं करून देत होतो, अण्णा दोन्हीकडे बघत होते. एका टोकावर तिचं अर्धा तास काम होतं. तीन दिवसांत आम्ही कामापलीकडे फार बोललो नाही. फक्त काल दुपारी मान वर न करता ती म्हणाली, "कॅमेऱ्यावर माशी बसली होती. अण्णा काळ्या कापडाच्या आतून म्हणत होते, हलू नकोस, आणि माशी त्यांच्याच कापडात शिरली. कॅमेरा नाचायला लागला."

मला आधी कळेना ती कशाबद्दल बोलते आहे. मग कळलं.

आज बसला सोडायला आली नाही, अण्णांना एकटं ठेवता येत नाही. पण पिशवीत डबा होता. तिने ठेवताना मी बघितलं नव्हतं.

२१ मार्च, शुक्रवार

पुन्हा इथे, अण्णांकडे. एकोणीस चेहरे भरून झाले. बावीस उरले. आज पहिल्यांदा मी कोणती पेन्सिल कधी लागेल ते तिने न मागता ओळखलं. गाल भरायला मऊ, डोळ्याच्या कडेला कडक.

एक विचार मनात येतो आणि तो बरा नाही, तरी लिहितो. बावीस झाले की मग मला बोलावण्याचं कारण काय? मी मनातल्या मनात कामाचा वेग काढला. असंच चाललं तर मार्चअखेरीस संपेल. आयुष्यात पहिल्यांदा एखादं काम वेळेआधी होईल अशी धास्ती वाटते आहे.

२४ मार्च, सोमवार

काल निघताना वीस पेन्सिलींना टोकं करून तिच्या मेजावर ओळीने लावून आलो होतो. हिशेब करूनच. रोज दोन-तीन तास काम, अर्ध्या तासाला एक टोक, शिवाय बोथट झालेलं टोक ती स्वतः थोडंफार घासून चालवते. शुक्रवारपर्यंत आरामात पुरायला हवीत.

आज सकाळी साडेदहाला तिचा मेसेज आला. पहिल्यांदाच असं झालं की मी काही पाठवलं नाही आणि तिचा आला.

"पेन्सिली संपल्या."

वीस पेन्सिली एका सकाळीत संपतात कशा? शिसं भुसभुशीत असेल तर आत मोडतं, पण मी प्रत्येक टोक तपासून ठेवलं होतं. किंवा तिचा हात जड झाला असेल, पण काल तर तिचं काम बघत होतो, पिसासारखा चालत होता. विचारलं, "टोकं मोडली का?"

"नाही. संपल्या."

लेकीला फोन करून सगळं समजावून सांगितलं. तिच्या नवऱ्याच्या ओळखीत पेन्सिलीचं दुकान आहे, शिशाचा दर्जा घसरलाय का, त्यांना ठाऊक असेल असं मला वाटलं. ती हसायलाच लागली. इतकी हसली की तिला बोलता येईना. मग म्हणाली, "बाबा, शुक्रवारचं तिकीट बदलून उद्याचं घ्या."

"अगं, पण शिशाचं काय?"

"ते आईला विचारा. उद्या. समोरासमोर."

हसण्यासारखं त्यात काय होतं कळलं नाही, पण तिचं म्हणणं बरोबर आहे. काम चार दिवस अडून राहणं ठीक नाही. तिकीट बदललं, सकाळी सात पाचची बस आहे. दुपारी बसून तीन डझन टोकं केली, मऊ आणि कडक वेगळी बांधली. रविवारी परतायचं तिकीट खिडकीवरच्या माणसाने विचारलं, तर म्हणालो, ते नंतर बघू, तिथे काम किती निघतं ते अजून माहीत नाही.